लेन्स गेली की सीडी गेली? एका श्रवणमंडळाच्या प्लेअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणपट्टीतल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर श्रवणमंडळ भरतं. शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं जमतात. कुणीतरी एक विषय धरून येतो: मल्हाराचे प्रकार, एखाद्या घराण्याचे तराणे, एकाच गायकाचे वीस वर्षांच्या अंतराने गायलेले दोन यमन. दोन-अडीच तास ऐकणं होतं. बोलणं कमी, चहा नंतर. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

मंडळाचा सीडी प्लेअर १९९६ सालचा. आखातात नोकरीला असलेल्या एका सभासदाने सुट्टीवर येताना आणलेला, जपानी बनावटीचा, वजनदार. त्याच्यासाठी वाचनालयाने सागवानी कपाट करून घेतलं होतं. खालच्या फळीवर अँप्लिफायर, वर प्लेअर, कपाटाच्या माथ्यावर सरस्वतीची तसबीर. कार्यक्रमाआधी तसबिरीपुढे उदबत्ती लागायची आणि पावसाळ्यात प्लेअरवर प्लॅस्टिकचं आवरण यायचं. दोन्ही गोष्टी काळजीपोटी आणि भक्तीपोटी चाललेल्या. त्या पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

संग्रह दोन प्रकारचा. साधारण चारशे सीडी विकत घेतलेल्या, म्हणजे कारखान्यात छापलेल्या. आणि सत्तर-पंच्याहत्तर सीडी घरी लिहिलेल्या, सीडी-आर. या दुसऱ्या गठ्ठ्यात मंडळाचा जीव होता. १९७८ पासून गावात झालेल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं आधी कॅसेटवर होती, ती २००४-०५ मध्ये एका सभासदाच्या मुलाने पुण्यात बसून सीडीवर उतरवली. प्रत्येक सीडीवर छापील कागदी लेबल चिकटवलं: तारीख, कलाकार, साथीदार, राग. काम फार नेटकं होतं. त्यानंतर कॅसेटना बुरशी लागली म्हणून २०१० च्या सुमारास त्या टाकून दिल्या. "आता सीडीवर आहेच" हे तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

मी ठाण्यात जुनी ऑडिओ उपकरणं दुरुस्त करतो. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा दोन उपाय होऊन गेले होते.

अडचण कशी दिसू लागली

२०२२ च्या पावसाळ्यात लांब सीडींचे शेवटचे ट्रॅक अडकू लागले. पहिला तासभर ठीक, मग टकटक, मग एखादी तान मध्येच तुटून पुढे उडी. श्रावणात प्लेअर सीडी ओळखायलाच वेळ लावू लागला. आतून लेन्स वरखाली होण्याचा बारीक आवाज यायचा, एकदा, दोनदा, आणि मग कधी ट्रॅकचा आकडा दिसायचा, कधी नाही.

सीडी प्लेअर बिघडतो तेव्हा तो बराच काळ आधी बिघडलेला असतो, हे इथे सांगायला हवं. सीडीची रचनाच अशी आहे की चुका झाकल्या जाव्यात. माहिती ओळीने न लिहिता विखरून लिहिलेली असते आणि सोबत पडताळणीचे जादा अंक असतात. त्यामुळे सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा खराब तुकडासुद्धा प्लेअर पूर्ण भरून काढू शकतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्यापलीकडे गेलं की आजूबाजूच्या आवाजावरून तो अंदाजाने जागा भरतो. तेही जमेनासं झालं की मगच टकटक ऐकू येते. कॅसेट हळूहळू मळते, कानाला कळत राहते. सीडी शेवटच्या दिवसापर्यंत स्वच्छ वाजते. म्हणून "परवापर्यंत तर चांगला होता" हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, आणि ते खोटं नसतं.

दुसरी गोष्ट: सीडी आतून बाहेर वाचली जाते. मध्याजवळ ती मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते, कडेला जाईपर्यंत दोनशेवर येते. त्यामुळे अडचण कुठे येते यावरून बरंच समजतं. सुरुवातीलाच, म्हणजे सीडी ओळखतानाच अडलं तर फिरवणारी मोटर थकली असेल किंवा प्रकाश कमी पडत असेल. शेवटी अडलं तर लेन्सला बाहेर सरकवणारी गाडी अडखळत असेल. पण शेवटी अडण्याचं आणखी एक कारण असतं. सीडी-आरची कड सगळ्यात आधी खराब होते. बोटं तिथेच लागतात, आणि जुन्या बर्नरवर, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर, लिहिताना कडेचं लेखन बरेचदा कच्चं राहिलेलं असतं. लक्षण एकच, कारणं दोन. मंडळात वाजवल्या जाणाऱ्या सीडींत दोन्ही प्रकार मिसळलेले होते आणि कोणती अडकली याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

पहिले दोन उपाय

पहिला उपाय ऑनलाइन मागवलेली लेन्स साफ करायची सीडी. तिच्या खालच्या बाजूला बारीक केसांचे ब्रश असतात, फिरताना ते लेन्सवरून जातात. कोरडी धूळ असेल तर थोडा फरक पडतो. इथे काहीच पडला नाही. लेन्स अगदी नाजूक तारांवर तरंगत असते. तिला फिरत्या ब्रशचे फटके देणं मला स्वतःला कधीच पटलेलं नाही, पण त्याने या प्लेअरचं नुकसान झालं असं म्हणायला पुरावा नाही.

दुसरा उपाय गावातल्या टीव्ही मेकॅनिकचा. हा माणूस वाईट नव्हता. व्हीसीडीच्या जमान्यात त्याने शेकडो डेक उघडले असतील. त्याच्याकडे अजून जुन्या '२१३' मॉडेलच्या लेन्सचा साठा होता. मंडळाच्या प्लेअरला ती बसत नव्हती, कारण यात '२४०' होती. तेव्हा त्याने त्या काळात सर्रास चालणारी युक्ती केली. पिकअपवर, म्हणजे लेन्स आणि लेझर बसवलेल्या भागावर, एक इवलासा प्रीसेट असतो, मोहरीपेक्षा थोडा मोठा. बारीक पेचकसाने तो फिरवला की लेझरची ताकद वाढते. "सर, लेन्स वीक झालीय. पॉवर वाढवून दिलीय, चालवा बिनधास्त," असं सांगून त्याने माफक पैसे घेतले. प्लेअर खरंच चालू लागला. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम त्यावरच झाला.

डिसेंबरात पडद्यावर 'नो डिस्क' आलं आणि तेच राहिलं.

प्रीसेट फिरवल्याने नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. लेझर डायोडशेजारी एक छोटा प्रकाश-पहारेकरी बसवलेला असतो. डायोड किती उजेड देतोय ते तो पाहतो आणि उजेड ठरलेल्या पातळीवर राहील इतका प्रवाह सर्किट सोडतं. डायोड म्हातारा झाला की तेवढ्याच उजेडासाठी जास्त प्रवाह लागतो, तो आपोआप मिळतो. म्हणजे म्हातारपणाची सोय आधीच केलेली असते. पण हा पहारेकरी लेन्सच्या अलीकडे बसलेला. लेन्सवर काजळी साचून निम्मा उजेड अडला तरी त्याला खबर नाही. त्याच्या हिशेबाने सगळं ठीक. अशा वेळी प्रीसेट फिरवला की मळक्या काचेतून बघण्यासाठी आपण चांगल्या डायोडला जास्त जाळतो. दमलेल्या बैलाला चाबूक मारला तर तो चार पावलं जोरात जातो, तसे ते दोन महिने गेले.

आणखी एक गोष्ट मेकॅनिकने केली नाही: प्रीसेट मूळ कुठे होता याची खूण. मार्करचा एक ठिपका पुरला असता.

बैठकीत मांडलेले पर्याय

जानेवारीत मंडळाची बैठक झाली. कार्यवाहांनी मला फोनवर ऐकायला बसवलं होतं, त्यामुळे चर्चा बऱ्यापैकी आठवते.

नवा प्लेअर घ्यावा, हा पहिला प्रस्ताव. नवे सीडी प्लेअर आजही मिळतात, पण चांगल्यांची किंमत मंडळाच्या वर्षभराच्या वर्गणीच्या पुढे जात होती आणि स्वस्तातल्यांवर कुणाचा भरवसा नव्हता. जुना, वापरलेला घ्यावा, हा दुसरा. त्यात अडचण ही की विकणाऱ्याच्या घरी एक सीडी वाजली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांचं दुसरं यंत्र म्हणजे त्याच वयाचे पट्टे, तेच वाळलेलं ग्रीस. एका सभासदाने घरचा डीव्हीडी प्लेअर देऊ केला. तो पर्याय वाटतो तितका वाईट नसतो. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीचा ७८०चा. सीडी-आरवरचा रंग ६५०ला नीट परावर्तित करत नाही, म्हणून अगदी सुरुवातीचे डीव्हीडी प्लेअर सीडी-आरला ओळखतच नसत. नंतरच्यांत दोन वेगळे लेझर येऊ लागले आणि प्रश्न सुटला. हा नंतरचा होता. पण पडदा जोडल्याशिवाय ट्रॅक निवडता येत नव्हता, आणि श्रवणमंडळात टीव्ही लावायला ज्येष्ठांचा ठाम विरोध.

मग तरुण सभासदाचा पर्याय: प्लेअर हवाच कशाला, सगळं यूट्यूबवर आहे. यावर ग्रंथपाल बाईंनी एवढंच विचारलं, "आपली ऐंशी सालची कोजागिरीची बैठक आहे का त्यावर?"

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं. तोवर सगळे यंत्राबद्दल बोलत होते. बाईंच्या प्रश्नाने गाडी सीडींकडे वळली. विकत घेतलेल्या चारशेपैकी बहुतेक परत कुठेतरी मिळतील. घरच्या पंच्याहत्तर मिळणार नाहीत, आणि त्यांच्या कॅसेटही आता नाहीत.

मी सुचवलं की प्लेअरला तूर्त हात लावू नये. आधी सीडी-आर तपासाव्यात आणि उतरवून घ्याव्यात. हे सगळ्यांना आवडलं नाही. शनिवारचे कार्यक्रम बंद पडणार होते आणि एका ज्येष्ठांनी स्पष्ट सांगितलं की मंडळ ऐकण्यासाठी आहे, दप्तर सांभाळण्यासाठी नाही. तोड अशी निघाली की डीव्हीडी प्लेअर महिनाभर टीव्हीशिवाय चालवायचा, ट्रॅक निवडायचे नाहीत, सीडी सुरुवातीपासून ऐकायची. काही जणांच्या मते ते कार्यक्रम सर्वांत छान झाले.

सीडी-आर आधी

छापील सीडीत खळगे प्लॅस्टिकमध्ये ठोकलेले असतात, वर ॲल्युमिनियमचा मुलामा आणि त्यावर लाखेचा पातळ थर. सीडी-आरमध्ये खळगे नसतात. सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जागोजागी भाजून खुणा केलेल्या असतात. हा रंग उजेडाने, उष्णतेने, दमटपणाने उतरतो. किती वर्षांत, ते रंगाच्या जातीवर, बर्नरवर आणि ठेवणीवर ठरतं. एकाच खोक्यातल्या दोन सीडींचं नशीब वेगळं निघू शकतं. वाचनालयात त्या दक्षिणेच्या खिडकीशेजारी काचेच्या कपाटात उभ्या होत्या, म्हणजे ठेवण वाईटच.

त्यात कागदी लेबलं. लोकांना वाटतं सीडीची खालची, चकचकीत बाजू नाजूक. खरं तर खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पॉलिकार्बोनेट असतं, तिथला ओरखडा बरेचदा घासून काढता येतो. वरच्या बाजूला मात्र लाखेच्या पातळ थराखाली लगेच धातूचा मुलामा. तिथे टाचणीने ओरखडलं तर माहितीच खरवडली गेली. चिकटवलेला कागद दमट हवेत फुगतो, सुकताना आकसतो आणि त्या थराला ओढतो. शिवाय जरासा वाकडा बसला असेल तर फिरताना सीडी डगमगते. मंडळातल्या काही सीडींवर लेबलाचा कोपरा सुटलेला होता. बाईंना तो सोलून काढावासा वाटत होता. तो सोलायचा नाही, हे मला दोनदा सांगावं लागलं. कागदाबरोबर मुलामा निघून येतो आणि मग उरते पारदर्शक चकती.

उतरवण्यासाठी एक जुना डेस्कटॉप, त्यातला मूळचा ड्राइव्ह आणि जोडीला यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घेतला. दोन ड्राइव्ह मुद्दाम. एकाला न वाचता आलेली सीडी दुसरा सहज वाचतो असं अनेकदा होतं, आणि कोणता वाचेल ते आधी सांगता येत नाही. सॉफ्टवेअर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, वेग कमी ठेवलेला, साठवण फ्लॅक या फाइल-प्रकारात. सीडीच्या आवाजाला मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जागा लागते. फ्लॅकमध्ये एकही अंक न गमावता ती जवळपास निम्म्यावर येते. उतरवता आलेल्या सीडींचा ऐवज चौसष्ट जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर मावला, त्याच्या आणखी दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवल्या.

एक बारकावा इथे कामी आला. विकत घेतलेली सीडी उतरवली की तिचा पडताळा इंटरनेटवरच्या सामाईक यादीशी घेता येतो, कारण तीच सीडी जगात इतरांनीही उतरवलेली असते. घरच्या बैठकीची सीडी जगात एकच. मग पडताळा कशाशी घेणार? तीच सीडी दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळचा तपासणी-आकडा, म्हणजे वाचलेल्या माहितीवरून सॉफ्टवेअरने काढलेली खूण, जुळतो का पाहायचं. जमलं तर शक्यतो एकदा एका ड्राइव्हवर, एकदा दुसऱ्यावर. वेळ दुप्पट लागला. पण त्यामुळेच कळलं की काही सीडी ऐकायला ठीक वाटत होत्या तरी दर वेळी वेगवेगळे आकडे देत होत्या. त्या काठावर होत्या, प्लेअर त्यांना अंदाजाने सावरून घेत होता. त्या बाजूला काढून पुन्हा पुन्हा वाचल्या.

हक्कांचा प्रश्न एका वकील सभासदाने उचलला. नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाने आपल्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, तेवढ्यावर शनिवार निर्धास्त. पण सार्वजनिक वाचनालयाने जपणुकीसाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची जी सवलत २०१२ च्या दुरुस्तीने आली, तिची अट अशी की वाचनालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत हवी. सीडी तर मुळातच डिजिटल. त्यामुळे त्या सवलतीच्या आधाराने चारशे विकतच्या सीडी सरसकट उतरवू नयेत, असा त्यांचा सल्ला पडला. बैठकांच्या ध्वनिमुद्रणांबाबत त्यांनी कलाकारांच्या हक्काकडे बोट दाखवलं. तो पन्नास वर्षं राहतो. जपायला हरकत नाही, पण कुटुंबीयांना विचारल्याशिवाय काहीही इंटरनेटवर चढवायचं नाही, असं ठरलं.

मग प्लेअर

मार्चमध्ये प्लेअर ठाण्याला आला. झाकण काढल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वास. उदबत्तीचा, पंचवीस वर्षांचा. सीडीचा खण उघडा ठेवून तसबिरीची पूजा होत असे, हे नंतर कळलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेली कापसाची काडी लेन्सवरून जेमतेम वजन टाकत फिरवली तर ती पिवळट तपकिरी झाली. ही कोरडी धूळ नव्हे, धुराचा तेलकट थर. ब्रशच्या सीडीने तो निघाला नाही यात नवल नाही.

दुसरी गोष्ट ग्रीस. लेन्सची गाडी ज्या पोलादी दांडीवरून सरकते तिच्यावरचं पांढरं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. गाडी सुरुवातीला सरके, कडेकडे जाताना धक्के खाई. लांब सीडींचे शेवटचे ट्रॅक का अडकत होते याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. उरलेलं अर्धं सीडी-आरच्या कडांमध्ये आधीच मिळालं होतं. दांडी पुसली, प्लॅस्टिकला न खाणारं ग्रीस अगदी थोडं लावलं. खणाचा रबरी पट्टा ढिला होता, तो बदलला. काही जण जुना पट्टा गरम पाण्यात उकळून घेतात. त्याने दोन-चार महिने निघतात, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवा वीस-तीस रुपयांत मिळतो तेव्हा उकळायचं कशाला?

आता लेझर. काही जपानी पिकअपच्या चिकटपट्टीवर कारखान्यात मोजलेला प्रवाह छापलेला असतो. शेवटी ४८५ असेल तर ४८.५ मिलिअँपिअर. त्याच्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आत वाढ असेल तर डायोड ठीक समजतात. इथे प्रवाह छापील आकड्याच्या जवळपास दीडपट भरला, आणि प्रीसेट मागे आणून तो खाली उतरवला की सिग्नल ऑसिलोस्कोपवर इतका क्षीण दिसे की सीडी ओळखलीच जात नव्हती. लेन्स स्वच्छ, गाडी मोकळी, तरीही. डायोड संपला होता.

त्याने वयामुळे जीव सोडला असं मला वाटत नाही. हिशेब करून पाहा. आठवड्याला दोन-तीन तास म्हणजे वर्षाला शंभर ते दीडशे. सव्वीस वर्षांत अडीच ते चार हजार तास. ज्या घरात रोज दोन तास सीडी वाजते तिथे एवढे तास पाच-सहा वर्षांत होतात आणि ते प्लेअर पुढेही चालतात. "सीडी प्लेअर किती वर्षं टिकतो?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. वर्षांत उत्तर देता येत नाही, कारण आतला प्रत्येक भाग वेगळ्या घड्याळावर म्हातारा होतो. लेझर आणि मोटरचं वय तासांनी वाढतं. पट्टा, ग्रीस आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर यंत्र बंद असलं तरी वर्षांनी वाळत जातात. प्लॅस्टिकचे दातेरी चाक ताणाखाली बसून बसून तडकतात. जोडण्यांवर खारी हवा काम करते. या प्लेअरचे तास थोडे आणि वर्षं भरपूर होती. म्हणजे झिजायला हवे होते पट्टा आणि ग्रीस, आणि तेच झिजले होते. लेझर घाईने गेला.

पिकअप बदलायचं ठरलं. मूळ कंपनीचा २४० मिळणं आता दुरापास्त, बाजारात येतात त्या बहुतेक नकला. दोन मागवले. पहिल्याची लेन्स शोध घेताना खरखर आवाज करत होती, तो परत केला. दुसरा चांगला निघाला. नव्या पिकअपवर डायोडचं स्थिर विजेपासून रक्षण करण्यासाठी दोन बिंदू कथिलाने जोडून पाठवलेले असतात. पट्टीची केबल जोडून झाल्यावरच तो जोड काढायचा. आधी काढला तर बोटाच्या स्पर्शाने डायोड जाऊ शकतो, आणि काढायचाच राहिला तर नवा कोरा पिकअप मेलेला वाटतो. असे 'मेलेले' पिकअप माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आहेत. प्रीसेटला हात लावला नाही. तो कारखान्यातून त्या डायोडपुरता जुळवून आलेला असतो.

निकाल

प्लेअर एप्रिलमध्ये परत गेला आणि हे लिहीपर्यंत व्यवस्थित चालू आहे. छापील सीडी शेवटच्या ट्रॅकपर्यंत वाजतात. सीडी-आर आता प्लेअरमध्ये घालतच नाहीत. बैठकी लॅपटॉपवरून, एका छोट्या यूएसबी डॅकमधून (अंकांचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या डबीतून) त्याच अँप्लिफायरला जातात.

पंच्याहत्तरपैकी बहुतेक सीडींचे आकडे नीट जुळले. काहींत एखाद-दुसरा ट्रॅक डागाळलेला राहिला. चार सीडी कुठल्याच ड्राइव्हने ओळखल्या नाहीत, त्यांतल्या दोघींचं लेबल पूर्वी कुणीतरी ओढून काढलेलं होतं.

कपाटात बदल झाले. प्लेअर आणि अँप्लिफायर वेगळ्या बाजूंना गेले, कारण खालून येणारी ऊब वरच्या यंत्राचे कपॅसिटर सुकवते. प्लॅस्टिकचं आवरण गेलं, जागी सुती कापड आलं. प्लॅस्टिक पाऊस अडवतं खरं, पण आत शिरलेली दमट हवा तिथेच कोंडतं. पावसाळ्यात कार्यक्रम नसला तरी बाई आठवड्यातून एकदा तासभर प्लेअर लावून ठेवतात. तेवढ्या उबेने आतली ओल निघते आणि गाडीही हलती राहते. सीडी आत ठेवून प्लेअर बंद करत नाहीत. सीडी पुसायची तर मध्यापासून कडेकडे, सरळ. गोल पुसताना खडा सापडला तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने लांब जातो आणि चुका सावरण्याची ती अडीच मिलिमीटरची ताकद तिथेच संपते. आडव्या ओरखड्याला प्लेअर दाद देत नाही.

उदबत्तीचा प्रश्न मात्र चांगलाच रंगला. तसबीर दुसऱ्या भिंतीवर न्यायला दोन सभासदांचा विरोध होता. शेवटी तसबीर तिथेच राहिली आणि उदबत्ती दाराशी गेली.

कुठे वेगळं वळण घेता आलं असतं

सर्वांत महाग निर्णय २०१० चा, कॅसेट टाकण्याचा. बुरशी लागलेली कॅसेट बरेचदा साफ करून निदान एकदा वाजवता येते. सीडी-आर ही तेव्हा 'नवी' म्हणून पक्की वाटली. प्रत केली म्हणून मूळ टाकून द्यावं का, हा प्रश्न त्या वेळी कुणी मांडलाच नाही. मांडला असता तरी माडीवर जागा नव्हती, हेही खरं.

दुसरी जागा सप्टेंबर २०२२, मेकॅनिककडे जाण्याआधीची. तेव्हा वहीत फक्त तीन रकाने लिहिले असते – कोणती सीडी, छापील की घरची, कितव्या मिनिटाला अडली – तर महिन्याभरात चित्र फुटून दोन झालं असतं. घरच्या सीडी जास्त अडकतात हे लगेच दिसलं असतं, आणि छापील सीडी फक्त शेवटी अडकतात हेही. पहिल्यावरून सीडी उतरवायच्या, दुसऱ्यावरून ग्रीस बघायचं.

तिसरी जागा प्रीसेटची. लेन्स आधी पुसली असती तर मूळ पिकअप वाचला असता का? मला वाटतं बहुधा वाचला असता, पण खात्रीने सांगता येत नाही. प्रीसेट फिरवण्याआधीचा प्रवाह कुणी मोजलेला नाही. मेकॅनिकला दोष देणं सोपं आहे. पण तो ज्या धंद्यात वाढला तिथे गिऱ्हाईकाला संध्याकाळपर्यंत चालू यंत्र हवं असायचं आणि व्हीसीडी प्लेअर दोन वर्षांत बदललाच जायचा. तिथे ती युक्ती चालून जाई. प्लेअर देताना कार्यवाहांनी "लेन्स पुसा, ग्रीस बघा, इतर काही फिरवू नका" एवढं सांगितलं असतं तर त्याने तेवढंच केलं असतं.

माझ्या स्वतःच्या सल्ल्यातली एक गोष्ट वादाची राहते: सुटा पिकअप नकलेचा घ्यावा की थांबून जुन्या मोडक्या प्लेअरमधला मूळचा काढावा. मी नकलेच्या बाजूने गेलो, कारण मूळचा मिळाला तरी त्याने किती तास पाहिलेत ते कळत नाही. माझे एक ज्येष्ठ व्यवसायबंधू याच्या उलट मताचे आहेत आणि त्यांच्या दुकानातले प्लेअरही चालतात. सध्या मंडळाच्या कपाटात त्याच जातीचा एक जादा पिकअप, कथिलाचा जोड शाबूत ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात आहे.

न उघडलेल्या चार सीडींसाठी कार्यवाहांनी त्या काळच्या सभासदांना पत्रं पाठवली आहेत, कुणाच्या माळ्यावर त्या बैठकांच्या कॅसेटच्या प्रती आहेत का म्हणून. दोन घरांतून होकार आला आहे. त्यांतल्या एका घरी कॅसेट डेकही आहे, फक्त त्याचा पट्टा गेलेला आहे.